आजीची श्रद्धा आणि आपले इतिहासभान

स्मरणिकेतून मातांचे स्मरण करण्याची एक रीत आपल्या समाजात रूढ झाली आहे. डोक्यावर पदर घेतलेले छायाचित्र, खाली जन्म-निधनाची वर्षे आणि ‘त्यागमूर्ती’, ‘धम्मनिष्ठ उपासिका’ अशी विशेषणे. त्यांमागील आदर खरा असतो, याविषयी शंका नाही. तथापि, अनेक वर्षे इतिहास शिकविल्यानंतर मला असे वाटू लागले आहे की, या विशेषणांनी आपण आपल्या आया-आज्यांना वंदन करतो आणि त्याच वेळी त्यांना गप्पही करतो. त्यांनी काय सोसले हे आपण सांगतो. त्यांनी काय ठरविले हे सांगत नाही.

माझी आजी निरक्षर होती. १९५६ साली ती चौतिशीच्या आसपास असावी. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांनी आमच्या गावी धम्मदीक्षेचा कार्यक्रम झाला. लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरोघरचे देव नदीत सोडले. आजीनेही सोडले; मात्र कुलदैवताचे दोन टाक तिने फडक्यात बांधून ज्वारीच्या कणगीत लपविले. चार वर्षे ते तेथेच होते. पुढे माझे वडील तालुक्याच्या बोर्डिंगात जायला निघाले, तेव्हा तिने ते बाहेर काढले, मोडीत घातले आणि आलेल्या पैशांत भर घालून पत्र्याची पेटी आणली. पैसे किती आले, हे तिला आठवत नव्हते. पेटीला कुलूप नव्हते म्हणून सुतळी बांधून दिली, हे मात्र आठवत होते.

एम. ए. करीत असताना मी तिला विचारले, टाक का ठेवले होतेस? ती म्हणाली, “दोन लेकरं गेली हुती रं. ऱ्हायलेल्यांचं भ्या वाटायचं.” मग मोडले कशी? “चार वर्सं हात जोडलं न्हाईत, तरी लेकरं हायतीच की.”

त्या वर्षी गावातील धर्मांतरावर मी एक निबंध लिहिला. त्यात वाक्य होते : ‘गावाने एका दिवसात देवांचा त्याग केला.’ कणगीतील टाक मी वगळले. टीकाकारांना आयते निमित्त मिळेल, अशी भीती होती आणि खरे सांगायचे तर आजीची थोडी लाजही वाटली होती. निबंधाचे कौतुक झाले. आज मी ते वाक्य असत्य मानतो आणि त्याहून मोठा दोष असा की, त्या वाक्याने आजीचे सर्वांत महत्त्वाचे कर्तृत्व पुसून टाकले.

तथागतांनी कालामांना उपदेश केला तो असा की, परंपरा आहे म्हणून, ऐकिवात आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखा, मग स्वीकारा. आजीने हे सुत्त ऐकलेले नव्हते. परंतु भीती मनात असताना हात न जोडणे, चार वर्षे पाहणे आणि मग निर्णय करणे, ही पारख नव्हे तर दुसरे काय? बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची आणि विचाराची होती, हे आपण अभिमानाने सांगतो. मग एका निरक्षर मातेने घेतलेली चार वर्षे आपण का लपवावीत?

येथे बेबीताई कांबळे यांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९२९ साली जन्मलेल्या बेबीताई वीरगावी आजोळी वाढल्या, तेराव्या वर्षी विवाह झाला आणि पुढे फलटणला त्यांनी छोटे दुकान चालविले. त्या दुकानात बसून त्या लिहीत आणि कागद घरच्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून लपवून ठेवीत. हे सुमारे वीस वर्षे चालले. ‘जिणं आमुचं’ १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा महारवाड्यातील स्त्रीजीवन एका स्त्रीच्या लेखणीतून महाराष्ट्रासमोर आले. फलटणजवळ मागासवर्गीय मुलांसाठी त्यांनी निवासी शाळाही चालविली. म्हणून आपल्यासारख्या संस्थेला त्या अधिकच जवळच्या वाटाव्यात. परंतु पतीकडून स्वतःला काय सोसावे लागले, हे त्यांनी पुस्तकात जवळजवळ लिहिले नाही. पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाच्या निमित्ताने माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत त्या याविषयी मोकळेपणाने बोलल्या. समाजाचे दुःख आधी आणि आपले नंतर, हा त्यांचा क्रम होता. २०१२ साली त्या गेल्या. कोणी विचारलेच नसते, तर ते त्यांच्याबरोबरच गेले असते.

विचारणे, हाच खरा मुद्दा आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांचा शोध घेतला, त्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलते केले आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्या कार्याची प्रशंसा आपण करतो, अनुकरण करीत नाही. १९५६ साली वीस वर्षांची असलेली स्त्री आज नव्वदीच्या घरात आहे. आपल्याजवळ फार वेळ उरलेला नाही.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे. घरातील वृद्ध मातेजवळ बसा आणि तिचे शब्द जसेच्या तसे दोन पाने लिहून काढा. दीक्षेच्या दिवशी घरात कोणी काय केले? कोणता देव सर्वांत शेवटी गेला? वसतिगृहात कोणाला पाठवायचे, हे कोणी ठरविले? आणि कोणाला घरी ठेवले? हा शेवटचा प्रश्न टाळू नका. माझ्या वडिलांसाठी पेटी आली. त्यांच्या थोरल्या बहिणीला, माझ्या आत्याला, मात्र शाळेत घातले नव्हते. का, हे मी आजीला कधीच विचारले नाही. आता विचारता येणार नाही.

अशी पाने जमवून शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट त्यांच्यासाठी राखावे. उत्तरे अडचणीची असतील, परस्परविरोधीही असतील. ती सुधारून घेऊ नयेत. या शाळेत शिकणाऱ्या मुला-मुलींना आपल्या आज्या मूर्ती म्हणून नकोत. भ्यालेल्या, तरीही विचार करून पुढे गेलेल्या माणसे म्हणून हव्या आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!