मशीन दिली, पण मशीनवर बसणारा हात कोण घडवणार?

कृषी विस्तार अधिकाऱ्याने बोंडअळीवर लिहावे, फवारणीवर लिहावे. शिलाई मशीनशी त्याला काय देणेघेणे, असे कोणी विचारील. पण वडनेर भागातला माणूस कापसावर जगतो, आणि कापसाची गोष्ट जिनिंगच्या फाटकाशी संपत नाही. आपण मात्र गाडी खाली केली, पट्टी घेतली की पाठ फिरवतो. पुढे त्या कापसाचे काय होते, त्यात कोण किती कमावतो, याचा हिशेब आपण कधी मांडतच नाही.

तो हिशेब एकदा मांडून पाहा. एक क्विंटल कापूस पिंजला की साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. कातताना, विणताना, कापताना होणारी घट वजा केली तरी पंचवीस-सव्वीस किलो कापड हाती राहते. अंगात घालायच्या शर्टाला पाव किलोच्या आसपास कापड लागते. म्हणजे तुमच्या एका क्विंटलातून शंभर शर्ट होतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. तो पुरता मिळाला असे धरले (आणि ओलावा, प्रतवारी यात किती कापला जातो हे तुम्ही जाणताच), तरी एका शर्टामागे तुमच्या पदरात ऐंशी रुपये पडतात, तेही सरकीच्या पैशासकट. तोच शर्ट हिंगणघाटच्या दुकानात कितीला मिळतो, हे सांगायला माझी गरज नाही. मधल्या पैशातला काही भाग सूतगिरणीचा, काही रंगाईचा, काही व्यापाऱ्याचा. आणि एक भाग शिवणाऱ्या हाताचा. तो हात आपल्या गावातला का नसावा?

हा प्रश्न आजच विचारायचे कारण आहे. केंद्र सरकारने २०२३ साली सात राज्यांत पीएम मित्र नावाचे मोठे वस्त्रोद्योग पार्क जाहीर केले, त्यातला महाराष्ट्राचा पार्क अमरावतीला आला. सुमारे एक हजार एकरांच्या या पार्कची पायाभरणी पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी केली ती आपल्या वर्ध्यातूनच. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने त्याआधीपासून आहेत. कारखाना आला की त्याला माणसे लागतात, आणि तयार कपड्यांच्या कारखान्यात सगळ्यात जास्त माणसे लागतात ती शिलाईच्या मशीनवर. आपली पोरे-पोरी शिकलेली नसतील तर मालक थांबत नाही, दुसऱ्या राज्यातून माणसे आणतो. कापूस आमचा, जमीन आमची आणि कामावर दुसरेच, अशी ओरड मग आपण दहा वर्षांनी करणार.

यावर गावात हमखास उत्तर मिळते, ‘अहो साहेब, आमच्या गावात तर मशिनी वाटल्या ना!’ वाटल्या, खरे आहे. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून अनुदानावर वाटल्या, कधी पुढाऱ्याच्या वाढदिवसाला वाटल्या. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, १५,००० रुपयांपर्यंतची अवजारे आणि पुढे स्वस्त व्याजाचे कर्ज. योजना वाईट नाही. ज्या घरात शिंपीकाम आधीपासून चालते त्याला ती उपयोगाची आहे. पण ज्या घरात सुई-दोऱ्याचा संबंधच नव्हता, तिथे ती मशीन आज कुठे आहे ते जाऊन पाहा. बहुतेक ठिकाणी तिच्यावर गोधड्यांची चळत आहे. फवारणीचा पंप दिला आणि नोझल कोणते लावायचे ते सांगितलेच नाही, तर जे होते तेच इथे झाले.

शिवाय गावात ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या किती जणींना काम मिळेल? एका गावात चार जणी पुरतात. पाचवीला मशीन दिली की चौघींचा धंदा बुडतो.

आता कारखान्यातली मशीन. ती आणि घरातली पायमशीन यांच्यात बैलगाडी आणि ट्रॅक्टरइतका फरक आहे, हे आधी समजून घ्या. पायमशीन मिनिटाला काही शे टाके घालते. कारखान्यातली मोटारीवरची एक सुईची मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाक्यांपर्यंत पळते. पाय नुसता टेकवला की कापड पुढे गेलेच. दाब उचलायला हात लागत नाही, गुडघ्याने उचलतात. घरच्या मशीनच्या सुईचा बुंधा एका बाजूने सपाट असतो, म्हणून ती उलटी बसत नाही. कारखान्यातल्या सुईचा बुंधा गोल असतो, तिची खाच डोळ्याने बघून बसवावी लागते, नाही तर टाका सुटतो. जिने गावात दहा वर्षे शिवले तीसुद्धा पहिल्या दिवशी तिथे बावरते. यात तिचा कमीपणा नाही, अवजारच वेगळे आहे.

म्हणून शिकवणाराही वेगळ्या रीतीने शिकवतो. सुरुवातीला दोरा नाहीच. कागदावर रेघा आखून देतात आणि बिनदोऱ्याच्या सुईने त्या रेघेवर मशीन चालवायची. आधी सरळ रेघ, मग चौकोन, मग नागमोडी, मग गोल गोल आत जाणारी रेघ. भोके रेघेवरच पडली पाहिजेत. कोपऱ्यावर सुई कापडात ठेवून वळायचे. हे जमले की दोरा ओवणे, बॉबिन भरणे, दोऱ्याचा ताण ठरवणे, एका इंचात टाके किती ते मोजणे. मग कापडाचे तुकडे. नवख्या पोराच्या हाती आपण पेरणीच्या दिवशी तिफण देतो का? आधी तो डवऱ्यामागे चालतो, त्याचे तास वाकडे जाते, बाप ओरडतो, मग हात बसतो. तोच प्रकार आहे, ओरडणारा तेवढा लाईनचा सुपरवायझर असतो.

त्यानंतर लाईन. कारखान्यात एक माणूस अख्खा शर्ट शिवत नाही. कॉलर एकाची, कफ दुसऱ्याचा, बाही तिसऱ्याची, बगल चौथ्याची, असे एका शर्टाचे कितीतरी तुकडे पडतात आणि प्रत्येक कामाला वेळ ठरलेला असतो. इथेच शिकाऊ उमेदवाराचे भले किंवा वाटोळे होते. चांगला कारखाना त्याला सहा महिन्यांत साध्या मशीनवर, ओव्हरलॉकवर, काज-बटणाच्या मशीनवर फिरवतो. लबाड कारखाना त्याला पहिल्या आठवड्यात कफाला बसवतो आणि मुदत संपेपर्यंत कफच शिववतो. काम पुरे घेतले, पैसे शिकाऊचे दिले. अशी पोरगी बाहेर पडते तेव्हा तिला कफाशिवाय काही येत नाही. शिकायला जाणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारावे, मला कोणकोणत्या मशीनवर किती दिवस बसवणार?

हा प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर तीस किंवा जास्त माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार व्हावा लागतो, उमेदवार अज्ञान असेल तर पालकाची सही लागते, आणि त्या कराराची सरकारदरबारी नोंद व्हावी लागते. विद्यावेतनाची किमान रक्कमही २०१९ च्या नियमांत ठरली: पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,००० रुपये, दहावी झालेल्याला ६,०००, बारावी झालेल्याला ७,०००. यापेक्षा जास्त द्यायला मालकाला मोकळीक आहे, कमी द्यायला नाही. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार सोसते, आणि २०२३ पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. शिकताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. मुदत संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असे मात्र कायदा म्हणत नाही. करारात तसे लिहिले असेल तरच. हे आधीच समजून गेलेले बरे, म्हणजे नंतर फसवल्यासारखे वाटत नाही.

कागदाचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची पद्धत होती. गरीब घरच्या मुलींना शिकाऊ म्हणून न्यायचे, तीन वर्षे वसतिगृहात ठेवायचे, महिन्याला हातखर्चापुरते द्यायचे आणि मुदत पुरी केली तर लग्नासाठी एकरकमी पैसे देऊ असे सांगायचे. अडीच वर्षांनी आजारी पडून परतलेल्या पोरीला ती रक्कम मिळत नसे. त्यावर पुष्कळ ओरड झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. दलाल तेव्हाही गावचाच, ओळखीचाच असायचा. उद्या आपल्या गावात कोणी जीप घेऊन आला आणि ‘दहा पोरी द्या, शिकवून नोकरी लावतो’ म्हणाला, तर त्याच्याकडे करार मागा. विद्यावेतन बँकेतच हवे, रोखीत नको. राहण्या-जेवणाचे पैसे कोण देणार, ते लिहून घ्या. मुलीचे आधार कार्ड आणि शाळेचा मूळ दाखला कोणाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या. मुदतीनंतर एकरकमी पैसे देऊ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

घरातली अडचण मी जाणतो. वडनेरहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या वर आहे. वयात आलेली पोरगी एवढ्या दूर ठेवायची म्हटले की मायचा जीव खालीवर होतो, आणि बाप म्हणतो लोक काय म्हणतील. माझे मत विचाराल तर कायदा चौदाव्या वर्षापासून परवानगी देत असला तरी अठरा पुरी होण्याआधी बाहेरगावी पाठवू नये. पाठवताना एकटीला नको, गावच्या चार-पाच जणींना एकत्र पाठवा. आईबापाने आधी स्वतः जाऊन वसतिगृह पाहून यावे. सोयाबीनचे बियाणे घ्यायला आपण चार दुकाने फिरतो, उगवण तपासतो; लेकीसाठी एक दिवस मोडायला काय हरकत आहे? आणि शिलाई म्हणजे बायकांचेच काम, हाही गैरसमज सोडा. आपल्या गावचा शिंपी पुरुषच होता की. दहावी नापास होऊन महामार्गावरच्या धाब्यावर बसणाऱ्या पोरालाही हे काम जमते.

१९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद भरवली आणि हाताच्या कामातून शिकवण्याचा विचार, नई तालीम, देशापुढे ठेवला. त्याच जिल्ह्यात आज हाताने काम शिकणाऱ्याला ‘याला काही जमलं नाही वाटतं’ म्हणतात. असो.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (तोंडात अजून ग्रामसेवकच येते) आणि सरपंचांना एक विनंती. मशिनी वाटपाचा ठराव घेण्याआधी गावात अठरा ते तीस वयाची, शिकायला तयार असलेली मुले-मुली किती, त्यांची यादी करा. ‘उमेद’च्या बचत गटांच्या ताईंना हे एका आठवड्यात जमेल, त्यांना घरोघरची माहिती आहे. ती यादी घेऊन तालुक्याच्या आयटीआयमध्ये जा. शिकाऊ उमेदवारीची नोंदणी कशी करायची ते तिथे सांगतात. ज्यांना घर सोडणे शक्यच नाही त्यांच्यासाठी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेकडे, म्हणजे आरसेटीकडे, शिलाईच्या वर्गाची मागणी करा. तिथले प्रशिक्षण मोफत असते. आणि मशिनींवरच पैसा खर्च करायचा असेल तर वीस घरी वीस पायमशिनी देण्यापेक्षा समाजमंदिरात मोटारीच्या दोन मशिनी बसवा, एक साधी आणि एक ओव्हरलॉक. वीज बिलाची तरतूद त्याच ठरावात करा, नाही तर तीन महिन्यांत मीटर कापले जाईल. शिकवायला कारखान्यात काम करून परतलेली एखादी मुलगी मिळाली तर तिला मानधन द्या. पुढे जाणाऱ्या पोरींचा कागदावरचा सराव गावातच झाला तर कारखान्यातले पहिले पंधरा दिवस रडण्यात जाणार नाहीत.

शिकायला निघालेल्यांनी आधार कार्ड, शाळेचा दाखला, स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले बँक खाते, एवढे तयार ठेवावे. खाते बापाच्या नावाचे चालत नाही. एक मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर यादी एप्रिलमध्येच व्हायला हवी. मे उलटला की सगळे वखरणी आणि बी-बियाण्याच्या मागे लागतात.