मीटर म्हणतो, सगळं ठीक!

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धनजवळ येऊन धडकलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावांतले मोबाइल मुके झाले. शेजारच्या गावातली आपली माणसं सुखरूप आहेत की नाहीत, हे विचारायचं तरी कसं?

अशा वेळी उपयोगी पडतात ते हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. हे लोक परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवतात आणि स्वतःच्या रेडिओ संचावरून एकमेकांशी बोलतात. (बारा वर्षं पूर्ण झाली की आपल्या देशात ही परीक्षा देता येते, बरं का!) डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सोबती योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होते. अंदमानातले निरोप त्यांनी रेडिओवरून बाहेर पोचवले.

पण हॅमच्या हातातला छोटा संच जेमतेम पाच वॅटचा. मध्ये डोंगर आला की त्याचा आवाज अडलाच. म्हणून डोंगरमाथ्यावर एक मनोरा उभारून तिथे ‘रिपीटर’ बसवतात. दरीतला क्षीण आवाज तो ऐकतो आणि त्याच क्षणी, थोड्या वेगळ्या वारंवारतेवर, जास्त जोराने पुन्हा बोलतो. डोंगराच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघंही एकमेकांना ऐकू शकतात.

आता विचार करा, या डोंगरावर राहतं कोण? कोणीच नाही. सोबतीला फक्त ऊन, वारा आणि पाऊस. सह्याद्रीचा पाऊस म्हणजे काय, ते महाबळेश्वरला विचारा. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो! वाऱ्याने अँटेनाचे नट-बोल्ट सैल होतात, पावसाने गंजतात. उन्हाने केबलच्या काळ्या आवरणाला बारीक भेगा पडतात. या भेगांतून पाणी आत शिरतं आणि खरी गंमत इथेच सुरू होते.

अँटेनाच्या केबलमध्ये मधोमध तांब्याची तार असते. तिच्याभोवती प्लास्टिक, त्याभोवती बारीक तारांची विणलेली जाळी आणि सगळ्यात वर काळं आवरण. ही जाळी कशासारखी वागते, ठाऊक आहे? समईतल्या वातीसारखी! वात जशी तेल ओढून घेते, तशी जाळी पाणी ओढते. भेग असते वर टोकाशी, पण पाणी झिरपत जातं खाली कित्येक मीटर.

बिघाड शोधायला येणारा हॅम सहसा खालच्या खोलीत एस.डब्ल्यू.आर. मीटर जोडून पाहतो. आपण केबलमधून वर पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत आली, हे तो मीटर सांगतो. अँटेना चांगली असेल, तर ती जवळजवळ सगळी शक्ती हवेत सोडून देते आणि काटा १ च्या जवळ राहतो. अँटेना बिघडली, तर शक्ती परत फिरते आणि आकडा वाढतो. तो ३ झाला, तर पाव हिस्सा शक्ती परत आली असं समजावं.

मग झालं तर! काटा खाली असला की अँटेना ठणठणीत. बरोबर ना?

थांबा. आधी एक प्रयोग करा. एक लांब दोरी खिडकीच्या गजाला बांधा. दुसरं टोक हातात धरून जोरात झटका द्या. दोरीवरून एक उसळी धावत जाईल, गजावर आपटेल आणि तुमच्याकडे परत येईल. आता दोरी जमिनीवर ठेवून तिच्या मधल्या भागावर ओली, जड चादर टाका आणि पुन्हा तसाच झटका द्या. उसळी परत आली का? नाही. मग गज नाहीसा झाला का? तोही नाही! उसळी वाटेतच जिरली, इतकंच.

भिजलेली केबल म्हणजे ही ओली चादर. समजा, आपण २० वॅट शक्ती वर पाठवली. केबल इतकी भिजली आहे, की त्यातली पाव म्हणजे ५ वॅटच वर पोचली. आणि समजा, वादळात वरची अँटेना पार तुटून पडली आहे! मग ते ५ वॅट तसेच मागे फिरणार. पण येतानाही वाट तीच, ओली. पुन्हा पावच उरणार, म्हणजे सव्वा वॅट. खाली मीटरला दिसतं काय? वीस वॅट गेले, सव्वा वॅट परत आला. काटा दाखवतो सुमारे १.७. म्हणजे वर अँटेनाच नाही आणि मीटर म्हणतो, फारशी काळजी नको!

मीटर खोटं बोलला का? मुळीच नाही. त्याला विचारलं, ‘किती परत आलं?’ त्याचं त्याने अगदी खरं उत्तर दिलं. आपल्याला हवं होतं दुसरंच: ‘वर किती पोचलं?’

म्हणून जाणकार हॅम एकेक भाग वेगळा करून तपासतो. आधी केबल काढून संचाला ‘डमी लोड’ जोडायचा. हा ५० ओहमचा रोध. शक्ती परत न पाठवता ती उष्णतेत बदलून टाकतो. संच त्यावर नीट चालला, तर दोष संचात नाही. मग वर केबलच्या टोकाला अँटेनाऐवजी वॅटमीटर आणि डमी लोड लावायचा. खालून वीस सोडले आणि वर पाचच निघाले, तर चोर केबलमध्ये आहे. पुरेसे निघाले, तर अँटेना तपासायची.

केबलमध्ये चोर नेमका कुठे आहे, हेही कळू शकतं. आपण कड्यासमोर हाक मारून प्रतिध्वनीची वाट बघतो ना, तसा एक उपकरण विजेचा ठोका सोडतं. साध्या केबलमध्ये तो एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे २० सेंटिमीटर जातो. प्रतिध्वनी अशा २०० भागांनी आला, तर जाऊन-येऊन ४० मीटर झाले. म्हणजे दोष २० मीटरवर!

मनोऱ्यावर चढण्याचं काम मात्र शिकलेल्या माणसाचंच. तेही कमरेला सुरक्षापट्टा बांधून, आभाळ स्वच्छ असताना आणि संच बंद करून. तुम्ही आम्ही हे साहस करायचं नाही!

पाणी आत शिरूच नये म्हणून दोन साध्या युक्त्या आहेत. जोडावरची शेवटची चिकटपट्टी खालून वर गुंडाळायची. म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो, अगदी घराच्या कौलांसारखा. आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झुकता वळसा द्यायचा. पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जातं, आत येत नाही.

तिसरी युक्ती सगळ्यात स्वस्त, वही आणि पेन्सिल. सगळं नीट चालू असताना, कोरड्या दिवशी, वर किती वॅट पोचतात आणि काटा कुठे असतो, ते तारखेसह लिहून ठेवायचं. गेल्या वर्षी १.४ दाखवणारा काटा यंदा पावसाळ्यानंतर आपोआप १.१ वर आला, तर शहाणा हॅम खूश होत नाही. तो लगेच केबल तपासायला घेतो!

आता तुमचं काम. घरी टीव्हीची छत्री असेल, तर तिची केबल भिंतीत शिरते तिथे वळसा आहे का, ते जमिनीवरूनच बघा. आणि दोरीचा प्रयोग करून काय दिसलं, ते आम्हाला जरूर कळवा.