सुट्या भागांची अडवणूक

मोटारगाडी ही चैनीची वस्तू होय, ही समजूत मराठवाड्यातून केव्हाच लोप पावली आहे. नांदेडहून किनवटच्या शाळेवर जाणारा शिक्षक किंवा लातूरहून निलंग्याच्या कचेरीत रोज जाऊन येणारा लिपिक आज गाडी घेतो ती मिरविण्यासाठी नव्हे. एस.टी.च्या वेळा त्याच्या कामाच्या वेळांशी जुळत नाहीत, एवढेच त्याचे कारण असते. ही गाडी बहुधा वापरलेली असते आणि तिच्यावर पतसंस्थेचे कर्ज असते. पुण्यामुंबईच्या बाजारात जिची किंमत उतरली तीच गाडी त्याच्या आटोक्यात येते. आणि ज्या कंपनीने देशातून काढता पाय घेतला, तिच्याच गाडीची किंमत सर्वाधिक उतरते. येथूनच एका विलक्षण अडचणीचा प्रारंभ होतो, आणि तिच्याकडे अद्याप कोणी गांभीर्याने पाहिलेले नाही.

जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील शेवरले गाड्यांची विक्री थांबविली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील कारखाने बंद करण्याची घोषणा केली. फियाटच्या गाड्याही त्याच सुमारास बाजारातून नाहीशा झाल्या. निघून जाताना सुटे भाग व सेवा यांची हमी देण्यात आली, हे खरे. परंतु महानगरातील दुरुस्ती केंद्र चालू राहणे निराळे आणि नांदेडच्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी चालू होणे निराळे. ब्रेकचे पॅड, गाळणी, पट्टे यांसारख्या नित्य लागणाऱ्या वस्तू पुण्याच्या नाना पेठेत अथवा सिकंदराबादच्या राणीगंजात मिळतात. प्रश्न उद्भवतो तो एखाद्या संवेदकाचा, इंधनपंपाचा किंवा गाडीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचा. बुश झिजला तर तो कातून देणारे कारागीर लातूरच्या औद्योगिक वसाहतीत आजही आहेत. नियंत्रक मात्र लेथवर कातता येत नाही. मग मिस्त्री भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखवितो की हाच भाग इंग्लंडमध्ये किंवा दुबईत उपलब्ध आहे. किंमत आठ हजार रुपये. ग्राहकाला हायसे वाटते. खऱ्या यातायातीला त्यानंतर सुरुवात होते.

मराठवाड्याला परदेशी सुट्या भागांची ओढाताण नवी नाही. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सार्वजनिक मोटारवाहतूक सुरू केली. त्या अल्बियन बनावटीच्या, म्हणजे स्कॉटलंडहून आलेल्या गाड्या होत्या. समुद्रकिनारा नसलेल्या त्या संस्थानात प्रत्येक परदेशी भाग ब्रिटिश हिंदुस्थानातील बंदरावर उतरून यावयाचा. त्यातही संस्थानचे नाणे वेगळे. हाली सिक्क्याचे सात रुपये मोजावेत तेव्हा कलदार सहा मिळत. म्हणजे मुंबईच्या व्यापाऱ्याचे बीजक चुकते करावयाचे झाले तरी नांदेडच्या व्यापाऱ्याला आधी हिशेबाची पाटी हाती घ्यावी लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि यथावकाश येथील वाहतूक महाराष्ट्राच्या एस.टी.त विलीन झाली. त्या एस.टी.च्या आरंभीच्या ताफ्यातही बेडफर्ड, फोर्डसन, स्टुडबेकर, लेलँड, अल्बियन अशी परदेशी नावांची जत्राच होती. इतक्या बनावटींचे भाग साठवून ठेवणे हा आगारांचा मोठाच उपद्व्याप असणार.

पुढे आयात परवान्यांचे युग आले. त्याविषयी वाईट बोलण्याची आज रीत आहे आणि ती अकारण नाही. परंतु एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९५३ मध्ये केंद्र सरकारने असे धोरण ठरविले की, ज्यांना येथे क्रमाने उत्पादन करावयाचे नाही त्यांनी केवळ जुळणीचा धंदा चालवू नये. त्यामुळे मुंबईत गाड्या जुळविणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपला गाशा गुंडाळला. (साठसत्तर वर्षांनी याच दोन कंपन्यांनी पुन्हा एकदा भारताचा निरोप घ्यावा, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.) मागे राहिले ते हिंदुस्थान मोटर्स आणि वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेली प्रीमियर यांसारखे मोजके कारखाने. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागे, पण एकदा मिळालेली फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होई, कारण गाड्यांचे प्रकारच बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यांचे भाग येथेच तयार होत. ती व्यवस्था परत यावी असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. मात्र निवडीचे स्वातंत्र्य देताना दुरुस्तीची व्यवस्था कोणाच्या भरवशावर सोडली, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही, आणि त्याचे उत्तर आज लहान शहरे देत आहेत.

आता पैशाची बाजू पाहू. १९७३ चा विदेशी चलन नियमन कायदा जाऊन १ जून २००० पासून त्याच्या जागी विदेशी चलन व्यवस्थापन कायदा अमलात आला. पूर्वी परदेशी एक पौंड पाठविणे हा संशयाचा विषय होता. आज निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठविण्याची मुभा आहे. कायद्याने दार उघडले, परंतु जिल्ह्याच्या गावातील बँकेची खिडकी त्या मानाने उघडली नाही. परकीय चलनाचे व्यवहार सर्वच शाखा करीत नाहीत. अर्ज घेणारी शाखा तो नियुक्त शाखेकडे पाठविते, आणि ती एखादा कागद कमी असल्याचे कळविते. गॅरेजवाल्याने व्यवसायासाठी माल मागवावयाचा तर त्याला आयात-निर्यात संकेतांक हवा. तो संगणकावरून ५०० रुपयांत मिळतो, यात अडचण नाही. पण दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहितीची पुष्टी केली नाही तर तो निष्क्रिय होतो, ही गोष्ट त्याला बहुधा माल बंदरात अडकल्यावरच कळते. आगाऊ पैसे पाठविले तर माल आल्याचा पुरावा बँकेला सादर करावयाचा असतो. शिवाय मधल्या बँकेने आपले शुल्क कापून घेतले की विक्रेत्याच्या हाती काही डॉलर कमी पडतात, आणि तेवढ्यासाठी तो पार्सल रोखून धरतो.

कार्डाने पैसे द्यावेत म्हटले तर तेथेही अडसर आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानुसार नवे कार्ड केवळ देशातील एटीएम व दुकानांतील यंत्रे यांच्यापुरते चालू स्थितीत दिले जाते. परदेशी व्यवहाराची सोय ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यावयाची असते. फसवणुकीचे वाढते प्रकार पाहता हा आदेश योग्यच आहे. तथापि शिक्षकाच्या पगारखात्यावरील रुपे कार्ड केवळ देशांतर्गत प्रकारचे असेल तर कोणतीही कळ दाबली तरी ते परदेशी विक्रेत्याकडे चालत नाही. चहाच्या टपरीवर सहज चालणारे यूपीआय त्या विक्रेत्याच्या गावीही नसते. मग पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याचे क्रेडिट कार्ड, त्याच्याच नावाने बीजक, आणि माल येणार नांदेडच्या पत्त्यावर! नावांतील ही तफावत पुढे सीमाशुल्काच्या वेळी पुन्हा डोके वर काढते.

सीमाशुल्काचा हिशेब एकदा उघडपणे मांडला पाहिजे, कारण गैरसमज येथेच अधिक आहेत. समजा, भागाची किंमत ८,००० रुपये आणि विमानाचे भाडे ४,००० रुपये आहे. विमानाने येणाऱ्या मालावर शुल्क आकारताना भाडे मूळ किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरता येत नाही, म्हणून १,६०० रुपयेच धरले जातात. विम्याची रक्कम ठाऊक नसल्यास त्यापोटी १.१२५ टक्का, म्हणजे ९० रुपये. आकारणीयोग्य मूल्य झाले ९,६९० रुपये. गॅरेजने व्यवसायासाठी आणलेल्या मोटारीच्या भागावर सर्वसाधारणपणे १५ टक्के मूळ शुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सर्वांच्या बेरजेवर १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. एकूण भरणा सुमारे ३,६३० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी शेवटचा कर २८ टक्के होता, तेव्हा हाच भरणा ४,७६० च्या घरात गेला असता. म्हणजे कर उतरला, हे मान्य केले पाहिजे. खाजगी वापरासाठी मागविलेल्या वस्तूचा दर निराळा आहे आणि तो वेळोवेळी बदलला आहे. परंतु या करांहून अधिक बोचणारी गोष्ट अशी की, कुरिअर कंपनीचे सोडवणूक-शुल्क, बँकेचा विनिमय अधिभार आणि माल पडून राहिल्याचे भाडे यांचा आकडा ग्राहकाला आधी कोणीही सांगत नाही. आठ हजारांचा भाग सोळा-सतरा हजारांना पडतो तो असा.

मुंबईच्या विमानतळावर किंवा बॅलार्ड पियरच्या परदेशी टपाल कचेरीत पार्सल थांबले तर मुंबईचा मनुष्य एक दिवसाची रजा टाकून जाऊ शकतो. नांदेडच्या मनुष्याला त्यासाठी रात्रभराचा प्रवास करावा लागतो. पार्सलावर नुसते 'मोटारीचा भाग' असे मोघम वर्णन असेल तर विचारणा होते. ओळखपत्र व अधिकारपत्र मागविले जाते. उत्तर द्यावयाचे ते इंग्रजीत. विक्रेत्याने भलत्याच सद्हेतूने 'भेटवस्तू' असे लिहिले असेल तर प्रकरण आणखी बिघडते, कारण टपालाने वा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची आयात डिसेंबर २०१९ पासून, जीवरक्षक औषधे आणि राख्या वगळता, बंद आहे. हवेच्या पिशवीसारखा भाग तर विमानवाहतुकीत धोकादायक मालात मोडतो, कारण तिच्यात ठिणगीने पेटणारे द्रव्य असते. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या पेटीतून तो आणवू पाहणाऱ्यांनी हे समजून घ्यावे. आणि भाग चुकीचा आला तर? परत पाठविलेल्या मालावर भरलेल्या शुल्काचा ९८ टक्क्यांपर्यंत परतावा देण्याची तरतूद १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ७४ व्या कलमात आहे. आठ हजारांच्या भागासाठी नांदेडहून ती प्रक्रिया पार पाडलेला गॅरेजवाला शोधूनच काढावा लागेल.

सर्वांत विपरीत नियम जुन्या भागांचा आहे. उत्पादनाबाहेर गेलेल्या गाडीचा नवा भाग जगातही दुर्मीळ होतो. मिळतो तो मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेला. पण भांडवली यंत्रसामग्री वगळता अन्य वापरलेल्या वस्तू आणण्यास विदेश व्यापार धोरणानुसार खास अनुमती लागते. परदेशी भंगार येथे येऊन पडू नये हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. तथापि जहाज भरून येणारे भंगार आणि एका शिक्षकाच्या गाडीचा एक नियंत्रक यांत नियमाने भेद करू नये, हे आश्चर्यकारक होय.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, देशी उद्योगाला उत्तेजन द्यावयाचे सोडून परदेशी भागांचा कैवार कशासाठी? आकडे पाहिले तर हा आक्षेप टिकत नाही. वाहनभाग उत्पादकांच्या संघटनेनुसार २०२३-२४ या वर्षात भारताने सुमारे २१.२ अब्ज डॉलरचे भाग निर्यात केले आणि सुमारे २०.९ अब्ज डॉलरचे आयात केले. मराठवाड्याचेच उदाहरण द्यावयाचे तर वाळूजला मुख्यालय असलेल्या एन्ड्युरन्स या कंपनीचे कारखाने इटली व जर्मनीतही आहेत. म्हणजे मोटारीचे भाग समुद्र ओलांडून दोन्ही दिशांनी अखंड जात-येत आहेत. अडते ते फक्त एकट्या मनुष्याचे एक पार्सल. सारी व्यवस्था कंटेनर भरून माल आणणाऱ्या कंपनीला गृहीत धरून आखलेली आहे. लातूरचा गॅरेजवाला तिच्या हिशेबातच नाही.

उपाय अवघड नाहीत. निर्यात करणाऱ्या लहान उद्योजकांसाठी टपाल खात्याने २०२२ पासून देशभर एक हजाराहून अधिक डाकघर निर्यात केंद्रे उभारली. कागदपत्रे तेथेच भरून घेण्याची ही सोय आयातीच्या पार्सलांनाही लागू केली तर नांदेड व लातूरच्या मुख्य टपाल कचेऱ्यांतून मराठीत शंकासमाधान होऊ शकेल आणि शुल्कही तेथेच भरता येईल. बँकांनी प्रत्येक जिल्ह्यात निदान एका शाखेत या कामाचा जाणकार नेमावा आणि लागणाऱ्या कागदांची यादी मराठीत फलकावर लावावी. ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ सुरू केले त्यात मोटारींचाही समावेश आहे. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. देश सोडणाऱ्या उत्पादकाने ठराविक वर्षे भागांचा साठा तर ठेवावाच, शिवाय नवा नियंत्रक गाडीला ओळखू लागावा यासाठी लागणारी संगणकीय आज्ञावली स्वतंत्र गॅरेजांना रास्त दरात द्यावी, असे बंधन घातल्यावाचून भागणार नाही. कारण एवढे सव्यापसव्य करून आणलेला भाग त्या आज्ञावलीअभावी फळीवर पडून राहतो. बिघडलेले नियंत्रक येथेच उघडून दुरुस्त करण्याचे काम नांदेडच्या श्री गुरू गोविंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेतील किंवा लातूरच्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची दारे सुटीच्या दिवशी गॅरेजवाल्यांना उघडी करावी लागतील.

दरम्यान, गाडीला पंधरा वर्षे झाली की मालकाला नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले. हे शुल्क भरून आणि तपासणीस गाडी उभी करून तिचे आयुष्य वाढवून घेणाऱ्या नागरिकाला, त्याच गाडीसाठी लागणारा एक वापरलेला भाग स्वतःच्या नावे, नोंदणी पुस्तिकेच्या आधारे आणण्याची सवलत विदेश व्यापार महासंचालनालयाने एका अधिसूचनेने देता येईल.