वास जातो, औषध राहतं

‘दोन तास दारं बंद ठेवा, मग पंखे लावा. वास गेला की औषध गेलं.’ गणपतीच्या साफसफाईआधी पेण-रोह्यात पेस्ट कंट्रोल होतं तेव्हा फवारणारा हेच सांगतो आणि आपल्याला ते चटकन पटतं. धाटावच्या एमआयडीसीशेजारी राहणारे आम्ही रोहेकर रसायन नाकानेच ओळखायला शिकलो आहोत.

पण पैसे घेताना तोच माणूस म्हणतो, ‘तीन महिने झुरळ दिसणार नाही, गॅरंटी.’ तीन महिने झुरळ मरणार असेल, तर औषधही तीन महिने घरातच असणार! डेल्टामेथ्रीन, सायपरमेथ्रीन ही फवारणीची औषधं सहसा हवेत उडत नाहीत. नाकात शिरतो तो बहुतेक त्यात मिसळलेल्या रॉकेलसारख्या द्रवाचा वास. द्रव उडतो, औषध फरशीच्या सांध्यात आणि धुळीत बसतं. शेतात ऊन-पाऊस त्याला मोडतात, कपाटामागे ऊन कुठून येणार? हिवतापाची सरकारी फवारणी याच टिकून राहण्याच्या गुणावर चालते. आपल्याच जिल्ह्यातल्या रसायनीत बनलेलं डीडीटी भिंतीवर दहा-बारा आठवडे काम करतं.

‘एवढ्याशाने काय होतंय?’ मोठ्या माणसाला बहुधा काही होत नाही, हे मान्य. पण आमच्या घरी फवारणीनंतर चौथ्या दिवशी ओट्याखाली पांढुरके ओघळ तसेच होते. रांगत गेलेल्या नातीने तिथलाच कुरमुरा उचलून तोंडात टाकला. तळहात धुळीने करडा झालेला. माझ्या पोटात गोळा आला. नऊ किलोचं मूल जमिनीलगत वावरतं, दर घटकेला हात चोखतं. अमेरिकेने २००० साली क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक घरांतून काढायला घेतलं, ते मुलांच्याच काळजीने. आपल्याकडे वाळवीला अजून तेच मारतात.

झुरळं राहू द्या, असं मी म्हणत नाही. बिजागरीच्या फटीत झुरळांच्या जेलचे मोहरीएवढे ठिपके लावा, मोरीला जाळी बसवा, पोह्यांचे डबे घट्ट लावा, रात्री सिंक कोरडं ठेवा. बहुतेक घरांना एवढं पुरतं. फवारायचंच असेल तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना मागा, बाटलीवरचं नाव वाचा, भांडी, गाद्या, खेळणी आधी हलवा. नंतर उघडी फरशी साबणाच्या पाण्याने पुसा.

आणि फवारणाऱ्याला विचारा, गॅरंटी किती महिन्यांची? तेवढे महिने रांगतं मूल फवारलेल्या कोपऱ्यांपासून लांब ठेवा.