फवारणीत मरणारे मित्र

स्पेनच्या दक्षिणेकडील अल्मेरिया प्रांत प्लास्टिकच्या छताखाली भाजीपाला पिकवून हिवाळ्यात साऱ्या युरोपला पुरवितो. २००६ च्या अखेरीस तेथील ढोबळी मिरचीत बंदी असलेल्या कीटकनाशकाचा अंश जर्मनीत आढळला आणि ग्राहकांनी पाठ फिरविली. वर्षानुवर्षांच्या उपदेशाने जे साधले नव्हते, ते या एका धक्क्याने साधले. पुढील दोन-तीन हंगामांतच बहुतेक मिरची उत्पादकांनी परभक्षी कोळ्याचा आश्रय घेतला.

हा कोळी घरात जाळे विणणारा कोळी नव्हे. अॅम्ब्लिसियस स्विर्स्की या शास्त्रीय नावाचा हा जीव डोळ्यांना जेमतेम दिसतो. परंतु पांढऱ्या माशीची अंडी आणि फुलकिड्यांची पिले तो फस्त करतो. कीड नसेल तेव्हा फुलांतील परागांवर गुजराण करतो. त्यामुळे शत्रू येण्यापूर्वीच त्याचा पहारा बसविता येतो. मात्र सरसकट फवारणीत किडीबरोबर हा पहारेकरीही मरतो आणि उरलेली कीड दुप्पट जोमाने फोफावते.

महाराष्ट्राने याहून दारुण धक्का सोसला आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. चौकश्या झाल्या, मदत जाहीर झाली. परंतु अल्मेरियासारखे परिवर्तन घडले नाही. ग्राहकाच्या ताटातील विषाच्या अंशाने एक प्रांत बदलतो आणि मजुराच्या मृत्यूने बदलत नाही, हा या प्रश्नातील खरा सल आहे.

परभक्षी कोळी हा रामबाण उपाय नव्हे. बंदिस्त मिरचीतील यश उघड्या कपाशीत जसेच्या तसे मिळेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. तेथे ढालकिडा, क्रायसोपा, ट्रायकोग्रामा हे वेगळे मित्र आहेत. शिवाय जिवंत माल औषधाच्या बाटलीप्रमाणे दुकानात महिनोन्‌महिने ठेवता येत नाही. तो वेळेवर आणि कीड माजण्यापूर्वी शेतात पोहोचावा लागतो. ही व्यवस्था एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील नाही. कृषी विद्यापीठांनी व शासनाने मित्रजीवांची पैदास तालुक्यापर्यंत न्यावी आणि कोणते औषध त्यांना मारक आहे, हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगावे. अल्मेरियाला शहाणपण परक्या बाजाराने शिकविले. आपल्याला ते आपल्याच माणसांच्या मृत्यूने शिकविले नसेल, तर दोष किडीचा नव्हे.