मानेचा मान

आमच्या मराठीत मान मोठी कष्टाळू! ती वर करावी, खाली घालावी, तुकवावी, मोडून काम करावे. आणि राग आला की दुसऱ्याची मुरगळावीसुद्धा. पण ही मान उभी राहते कशी, हा विचार मला शिकवला गेल्या वर्षी आमच्या अक्काच्या दुखण्याने.

निऱ्या घालताना तिची बोटे चुकू लागली. "वय झालं रे," म्हणून तिने ते उडवून लावले. पुढे एम. आर. आय. काढला, तेव्हा मानेच्या मणक्यांत मज्जारज्जूला एका बाजूने रेटणारी गाठ दिसली. मज्जातंतूच्या वेष्टनातून उगवणारी ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. परंतु जागा अशी अडचणीची, की वाढू दिली तर हातपाय लुळे पडावेत.

पाठकण्यातील अशी गाठ लंडनमध्ये १८८७ साली व्हिक्टर हॉर्स्ले यांनी यशस्वीपणे काढली. ती छातीमागच्या मणक्यांत होती. पुढे मानेतही रीत तीच : मधोमध लांब छेद घ्यायचा, दोन्हीकडचे स्नायू सोडवायचे आणि मणक्यांच्या मागच्या कमानी काढून टाकायच्या. खोलीत शिरण्यासाठी भिंतच पाडण्याचा प्रकार! गाठ निघे, पण काही रोग्यांची, विशेषतः मुलांची, मान पुढे वाकत जाई. डॉक्टर या व्यंगाला हंसाच्या मानेची उपमा देतात. कवींची लाडकी ग्रीवा ती शल्यविशारदांची धास्ती!

आता योग्य रोग्याच्या बाबतीत एकाच बाजूचे स्नायू सरकवतात, किंवा त्यांचे तंतू फाकवून बोटभर जाडीची नळी आत उतरवतात. कमानीची तेवढीच बाजू कोरून, सूक्ष्मदर्शकाखाली गाठ पोखरून काढतात. दुसरी बाजू अबाधित राहते. रक्त कमी जाते, वेदनाही कमी होतात.

"मग छेद केवढा घेणार?" मी अक्काच्या डॉक्टरांना विचारले.

"आधी मज्जारज्जूला धक्का न लावता गाठ पुरी निघायला हवी," ते म्हणाले, "छेदाचं माप त्यानंतर. गाठ फार मोठी किंवा मज्जारज्जूच्या आतच असली, तर बहुधा मोठंच दार उघडावं लागतं."

तेव्हा वाचकहो, घरातल्या कुणाची बोटे बटणांवर किंवा निऱ्यांवर अडखळू लागली, तर वयाला बोल लावू नका. वेळीच सापडलेली गाठ लहान असते, आणि लहान गाठीलाच लहान वाट पुरते.