बल्ब नको, व्होल्ट बघा

बुलेटचा उजेड कमी पडतो म्हटलं की दहातले नऊ मित्र एकच सल्ला देतात, "१०० वॉटचा बल्ब टाक!" माझ्या मते हा प्रकार म्हणजे क्वेरी भिकार असताना सर्व्हर मोठा घेण्यासारखा आहे.

आधी मोजा की राव! साधा मल्टीमीटर पुरतो. लाइट चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं बल्बच्या प्लसला लावा. दिसेल तेवढे व्होल्ट वाटेतच गळतायत.. स्विच, कनेक्टर, बारीक वायर. मग दोन्हीकडचे मायनस तसेच तपासा, गंजलेलं अर्थिंगही तितकंच खातं. हॅलोजनचं गणित निर्दय आहे : १२ पैकी दीड व्होल्ट गेला तर उजेड साधारण एक तृतीयांशाने घटतो. त्यात ६० ऐवजी १०० वॉट टाकले तर त्याच वायरीत उष्णता जवळपास तिप्पट. पुढे होल्डर वितळला तर नवल काय?

उपाय स्वस्त आहे. कनेक्टर घासा, हाय-लोसाठी दोन रिले बसवा (हेडलाइट डीसी असेल तरच हं). बॅटरीतून फ्यूजमार्गे ३० ला, ८७ वरून बल्बला. स्विचची जुनी वायर ८६ ला आणि ८५ अर्थ. आता ५ अँपिअरचा भार स्विचवर येतच नाही.

आणि घाटात समोरच्याचे डोळे दिपवून आपल्याला काय मिळणार? त्याला रस्ता दिसला नाही तर तो आपल्याच अंगावर येणार ना!